सड्याच्या कागदावर सही करण्याआधी

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या गाववाल्यांनो, आणि मुंबई-ठाणे-पुण्यात राहूनही गावच्या सातबाऱ्यावर अजून नाव असलेल्या चाकरमान्यांनो,

हे आवाहन गणपतीच्या आधी तुमच्या हाती पडावं म्हणून घाईने लिहितो आहे. जमिनीची बोलणी गणपतीत होतात हे तुम्हालाही ठाऊक आहे. घर भरलेलं असतं, चार ठिकाणी पांगलेले भाऊबंद एका छपराखाली असतात, आणि नेमका तेव्हाच कोणी ओळखीचा माणूस ओटीवर येऊन बसतो. चहा होतो, आणि विषय वरच्या सड्यावर येतो. ‘तिथे पिकतं काय? नुसता कातळ. सगळ्यांच्या सह्या झाल्या की दिवाळीनंतर पैसे हातात.’ सामायिक सातबाऱ्यावर पन्नास-शंभर नावं, त्यातली निम्मी माणसं एकमेकांना ओळखत नाहीत. आपल्या वाट्याला येणारे पैसे थोडे असले तरी आयते असतात. मुखत्यारपत्रावर सही होते. पाऊस सरला की सड्यावर जेसीबी चढतो. चिरेखाण असो, कलमांची बाग असो की प्लॉट पाडायचे असोत, कातळ आधी फुटतो आणि गावाला मागाहून कळतं.

माझी विनंती एवढीच की सड्याच्या कागदावर सही करण्याआधी थांबा. तो विषय ओटीवर मिटवू नका, ग्रामसभेत न्या.

सरकारी दप्तरात या कातळाला पत नाही. सातबाऱ्यावर त्याची नोंद पोटखराबा ‘अ’, म्हणजे लागवडीला अयोग्य. देशभरातल्या पडीक जमिनींचे जे नकाशे निघतात, त्यांतही उघड्या खडकाळ जमिनीला पडीक जमिनीचाच एक वर्ग मानलं आहे. त्या कातळावर नांगर चालत नाही हे मान्य. पण पिढ्यान् पिढ्या आपण त्याच सड्यावर गुरं चारली, दिवाळीनंतर गवत कापून घरं आणि गोठे शाकारले, जिथे वीतभर माती साचली तिथे नाचणी-वरी काढली, आणि सड्यावरच्या राखणदाराला वर्षातून एकदा नारळ दिला. दप्तराच्या भाषेवर विश्वास ठेवून आपणच आता त्याला ‘वायफळ जागा’ म्हणायला लागलो आहोत, आणि दलालाचं काम तिथेच सोपं होतं.

सड्याचं पहिलं देणं पाण्याचं आहे, आणि ते समजायला जांभा कसा घडला हे पाहायला हवं. काळा बेसाल्ट लाखो वर्षं उन्हापावसात कुजत राहिला. विरघळणारी द्रव्यं पावसाने धुऊन नेली, लोह आणि अ‍ॅल्युमिनियमची संयुगं मागे राहिली, आणि त्यांचं वर कडक कवच झालं. हे कवच सलग नाही. त्यात भोकं आहेत, नळ्या आहेत, उभ्या-आडव्या भेगा आहेत, काही ठिकाणी तर माणूस रांगत आत जाईल एवढी भुयारं आहेत. कवचाखाली मऊ थर, आणि त्याच्याही खाली पाणी अडवणारी चिकणमाती. आपल्या किनारपट्टीवर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्यातलं पुष्कळ पाणी पऱ्ह्यांतून थेट खाडीला जातं. उरलेलं भेगांतून उतरतं, चिकणमातीवर अडतं, आडवं सरकत जातं आणि सड्याच्या कडेला झरा होऊन बाहेर पडतं.

आता आपल्या वाड्या कुठे वसल्या आहेत ते आठवा. बहुतेक ठिकाणी सड्याच्या उतारावर किंवा पायथ्याला, जिथे झरा फुटतो त्याच्या आसपास. देवराईही तिथेच, देवळाची विहीरही तिथेच, पोफळीच्या आगराला जाणारा पाटही तिथूनच निघतो. सडा ही गावाच्या डोक्यावरची पाण्याची टाकी आहे. ती जुन्या लोकांनी बांधली नाही, पण तिच्या खाली कुठे राहायचं हे त्यांनी नीट हेरलं. राजापूरच्या गंगेची चौदा कुंडं कधी महिनोन् महिने कोरडी असतात आणि एखाद्या दिवशी एकाएकी भरून वाहू लागतात. भाविकांसाठी ते गंगेचं येणं असतं. भूगर्भाचे अभ्यासक त्यामागे खडकातल्या पोकळ्यांचं भरणं आणि रिकामं होणं पाहतात. पाणी आपल्या पायांखालच्या दगडात राहतं आणि तिथून चालतं, एवढं तर दोघांनाही मान्य आहे.

चिरेखाण दोन-तीन पुरुष खोल जाते. खाणीत पावसाचं पाणी साचतं आणि वर्षभर दिसतं, म्हणून खाणवाला सांगतो की गावाला तळंच मिळालं. पण ते पाणी वरच राहिलेलं असतं. झऱ्याची वाट कातळाच्या पोटात असते. ती कापली गेली हे एप्रिल-मे महिन्यात कळतं, वाडीतल्या बायका झऱ्यावर हंडे लावून तासन् तास बसतात तेव्हा. कापलेली वाट पुन्हा जोडण्याची कुठलीही यंत्रणा जिल्हा परिषदेकडे नाही, आणि ठेकेदाराकडेही नाही. मग टँकर येतो. एवढ्या पावसाच्या मुलखात टँकर येतो, हे आपण किती सहज स्वीकारलं आहे.

दुसरं देणं सड्यावर राहणाऱ्या जिवांचं. हे पाहायला दूर जावं लागत नाही, फक्त पावसाळ्यात गुडघे टेकून बसावं लागतं. जूनच्या पहिल्या सरींनंतर कातळाच्या भेगेतून दीपकाडी वर येते, पांढऱ्या फुलांची, कोकणच्या सड्यांची खास. मग गेंद, मग सीतेची आसवं, मग लाल केसाळ पानांची दवबिंदू. या मातीत नत्र जवळजवळ नाही, म्हणून यांतल्या काही वनस्पती किडे धरून खातात. सीतेची आसवं ही नाजूक जांभळी फुलं वर डोलत असतात आणि खाली, ओल्या मातीत, मोहरीहून बारीक पिशव्यांनी पाण्यातले सूक्ष्म जीव आत ओढत असतात.

जुलैत एखाद्या उथळ डबक्याकाठी बसा. तळव्याने पाण्यावर सावली धरा, म्हणजे तळ दिसेल. बोटाच्या पेराहून थोडी लहान, आरपार दिसणारी, कोळंबीच्या जातकुळीतली जनावरं पोट वर करून पोहताना दिसतील. डबकं दोन-तीन महिन्यांत आटतं. त्याआधी ती अंडी घालून मरतात. अंडी चिखलाच्या वाळल्या पापुद्र्यात पडून राहतात, मार्च-एप्रिलचं चटके देणारं ऊन सोसतात, आणि जूनला पाणी लागलं की फुटतात. डबक्यात बाहेरची माती भरून कलमं लावली की त्याच दिवशी ही साखळी तुटते. कोणाच्याही हातून जाणूनबुजून पाप घडलेलं नसतं, डबक्यात कोणी राहतं हेच कोणाला माहीत नसतं.

शेजारचा एखादा सुटा दगड हळूच उचला, आणि पाहून झालं की जसा होता तसाच ठेवा. त्याखाली अंगावर पांढरे पट्टे असलेली एक छोटी पाल सापडू शकते. शास्त्रज्ञ तिला हेमिडॅक्टिलस अल्बोफॅसिएटस म्हणतात. जगाला ती कळली १९६३ साली, आपल्याच जिल्ह्यातल्या डोर्ले गावातून. त्याच डोर्ल्यातून २००३ साली देवगांडुळाची एक नवी जात नोंदली गेली, गेगेनिओफिस शेषाचारी. देवगांडूळ हा बेडकांच्या नात्यातला, पाय नसलेला, ओल्या मातीत राहणारा निरुपद्रवी जीव. आपल्याकडे तो सापाचं पिल्लू समजून चिरडला जातो. एका लहान गावाच्या हद्दीतून विज्ञानाला दोन नवे प्राणी मिळाले. तुमच्या गावाच्या सड्यावर काय आहे, हे तिथे कोणी अजून गुडघे टेकून पाहिलेलं नसेल, तर ते फुटण्याआधी पाहायला नको का?

याच सड्यांवर कोरलेल्या कातळशिल्पांबद्दल तुम्ही वर्तमानपत्रांत वाचलं असेल. हजाराहून अधिक आकृत्या आजवर नोंदल्या गेल्या आहेत. २०२२ साली कशेळी, बारसू, उक्षी, देवाचे गोठणे, कुडोपी यांच्यासह एकूण नऊ जागा युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेल्या, त्यांतली एक गोव्यातली आहे. कशेळीचा हत्ती पाहताना त्याच्या पोटातली बारीकसारीक जनावरं मोजत राहावंसं वाटतं. ही चित्रं कोरणाऱ्या माणसांनी हेच सडे, हेच पाणी, इथलेच प्राणी पाहिले होते. याविषयी लिहिणारे जाणकार आपल्याकडे आहेत, म्हणून मी इथे लांबवत नाही.

कोणी म्हणेल, जमीन आपली, गावाची, मग चिंता कसली? यासाठी मेघालयाकडे पाहा. तिथल्या जैंतिया टेकड्यांत चुनखडकाचा मोठा मुलूख आहे. पाण्याने चुनखडक विरघळत जातो आणि आत मैलोन् मैल गुहा तयार होतात. क्रेम लियात प्राह ही गुहा तीस किलोमीटरांहून लांब आहे. उम लाडाव नावाच्या गुहेत जमिनीखाली राहणाऱ्या माशांमधला जगातला सर्वांत मोठा मासा सापडला, चाळीस सेंटिमीटरच्या वर. २०२३ साली त्याला तिथल्या प्नार जमातीवरून नाव देण्यात आलं. ते संशोधन मांडणाऱ्यांत आपल्याकडचे संशोधक नीलेश डहाणूकर होते. सोहऱ्याजवळच्या मॉमलूह गुहेतल्या एका चुनखांबावरून ४२०० वर्षांपूर्वीच्या मोठ्या दुष्काळाचा माग लागला, आणि पृथ्वीच्या इतिहासातल्या आपण जगतो त्या कालखंडालाच २०१८ साली ‘मेघालयन’ हे नाव मिळालं. आणि लक्षात घ्या, तिथली जमीन सरकारची नाही. सहाव्या अनुसूचीमुळे ती कुळांची आणि गावांची आहे.

तरीही तिथे कोळशाच्या उंदीरबिळांसारख्या खाणी झाल्या. २०१४ साली राष्ट्रीय हरित लवादाने त्या बंद करायला सांगितल्या, तरी २०१८ च्या डिसेंबरात अशाच एका खाणीत पाणी घुसून पंधरा कामगार अडकले. चुनखडकासाठी सिमेंटचे कारखाने आले. खाणींच्या मुलखातून वाहणाऱ्या लुखा नदीचं पाणी हिवाळ्यात निळं पडू लागलं. सामायिक जमिनीचे तुकडे एकेकाच्या नावावर होत गेले, आणि प्रत्येकाने आपापल्या तुकड्याचा व्यवहार केला. गावाची जमीन गावाने मिळून राखली नाही, तर तिच्यावर गावाचं नाव असण्याचा उपयोग होत नाही. पण त्याच राज्यात अनेक गावांनी आपली रानं सामुदायिक राखीव क्षेत्रं म्हणून नोंदवून घेतली, पिढ्यांपासूनच्या देवरायांना हात लावला नाही, गुहा पाहायला येणाऱ्यांकडून मिळणारं शुल्क गावाच्या तिजोरीत ठेवलं. मालकी तीच, कायदा तोच. फरक गावाने एकत्र बसून ठरवण्यात पडला.

आपला जांभा चुनखडकासारखा विरघळत नाही, पण पाणी पोटात घेऊन चालवणं, अंधारात आणि फटीत जीव पोसणं, आणि एकदा फुटला की परत न जुळणं, या तिन्ही बाबतींत तो त्याच कुळातला आहे.

आता पैशाचं. मी चिऱ्याच्या विरोधात नाही. माझं घर चिऱ्याचं आहे, तुमचंही असेल. कलमांवर घरं चालतात, मुलं शिकतात. ज्याला दवाखान्याचं बिल भरायचं आहे त्याला मी फुलांची नावं सांगून गप्प बसवणार नाही, तसं करणं क्रूरपणाचं होईल. म्हणून मी जे मागतो ते सगळा सडा कुलूपबंद करणं नाही. झऱ्याच्या वरच्या अंगाचा पट्टा, डबक्यांची ओली जागा आणि सुट्या दगडांचा भाग सोडा, एवढंच म्हणतो. चिरा हवा तर आधीच फुटलेल्या जागी काढा. कलमं मातीच्या उतारावर लावा, कातळात सुरुंग लावून नको. गडग्यासाठी सड्यावरचे सुटे दगड वेचून गाडी भरू नका. जुन्या, सोडून दिलेल्या खाणींना खाणवाल्याकडूनच कुंपण घालून घ्या, त्यांत दरवर्षी गुरं पडतात. आणि वणवा लावू नका, हे तर आपल्याच हातात आहे.

हे सगळं तोंडी राहिलं तर दिवाळीपर्यंत विसरलं जाईल. म्हणून ते कागदावर यायला हवं, आणि त्यासाठी नवा कायदा लागत नाही. जैवविविधता कायदा २००२ सालचा आहे. त्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही ठेवायला सांगितली आहे. तुमच्या ग्रामपंचायतीत ही नोंदवही बहुधा कपाटात आहे. ती मागून घ्या आणि उघडून पाहा. तिच्यात सड्याचं पान आहे का? झऱ्यांची नावं आहेत का? नसतील, तर ती लिहायचा हक्क तुमचा आहे. गुराख्याला आणि म्हाताऱ्या माणसांना सोबत घ्या. कुठला झरा मे अखेरपर्यंत टिकतो, कुठल्या डबक्यात बेडूक सगळ्यांत आधी ओरडतात, कुठे कातळावर रेघा कोरलेल्या दिसतात, हे त्यांना सांगायला पुस्तक लागत नाही. शाळेतल्या मुलांना मोबाइलवर फोटो काढू द्या. जवळच्या महाविद्यालयातल्या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांना बोलवा, बहुतेक जण आनंदाने येतात.

याच कायद्याचं ३७वं कलम सरकारला स्थानिक संस्थांशी बोलून एखादी जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर करायची मुभा देतं. आपल्याच जिल्ह्यांत हे झालेलं आहे. आंबोलीला हिरण्यकेशी नदी देवळापाशी गुहेतून बाहेर येते. तिथल्या कुंडात एक लहानसा मासा सापडला, २०२० साली त्याचं नाव शिस्टुरा हिरण्यकेशी ठेवलं गेलं, आणि पुढच्याच वर्षी ती जागा वारसा स्थळ झाली. दोडामार्ग तालुक्यात हेवाळे-बांबर्ड्याची रानजायफळाची दलदल गावाने देवराई म्हणून राखली होती. कायद्याचं संरक्षण नंतर आलं, गावाचं आधीपासून होतं. सड्यांच्या बाबतीतही हाच क्रम असायला हवा.

एक सावधगिरी मात्र सांगतो. वारसा म्हटलं की पर्यटक येतात, आणि पर्यटक आले की कुंपण येतं. कासच्या पठारावर हे होऊन गेलं आहे. गुरांचं चरणं थांबलं, गवत माजलं आणि फुलं कमी झाली, अशी तक्रार तिथल्या लोकांनीच केली. सड्यावर गुरं चरणं हा सड्याच्या जगण्याचा भाग आहे. म्हणून राखायचं म्हणजे गावकऱ्याला बाहेर काढायचं, असं कोणी सुचवू लागलं तर त्यालाही ठामपणे नाही म्हणा.

वेळ थोडा आहे. १५ ऑगस्टची ग्रामसभा आहे, त्यानंतर २ ऑक्टोबरची. पाऊस सरून खाणींची यंत्रं सुरू होण्याआधी या दोनच मोठ्या संधी आहेत. ग्रामसभेआधी ग्रामसेवकांना लेखी अर्ज द्या आणि सड्याचा विषय पत्रिकेवर घ्यायला लावा. मुंबईकरांनो, तुम्हाला १५ ऑगस्टला येणं जमणार नसेल तर गणपतीत देवळाच्या मांडावर गावकीची बैठक लावा, आणि २ ऑक्टोबरच्या अर्जावर तुमच्याही सह्या करून जा. तुमची नावं सातबाऱ्यावर आहेत, तुमच्या सहीला वजन आहे. ते एकदा या बाजूने वापरा. बैठकीला बायकांना बोलवा, पाणी त्या भरतात. ज्यांनी आधीच सही करून दिली आहे त्यांना दोष देत बसू नका. मुखत्यारपत्र रद्द करता येतं का, हे तालुक्याच्या वकिलाला विचारायला त्यांच्याबरोबर जा.

ठराव साधा असू द्या: आमच्या गावाच्या हद्दीतला सडा, त्यावरच्या पाणथळ जागा, झरे, भुयारं आणि कातळशिल्पं यांची नोंद लोकजैवविविधता नोंदवहीत घ्यावी, झऱ्यांच्या वरच्या अंगाला नवी खाण, सुरुंग किंवा भराव यांना ग्रामसभेच्या मंजुरीवाचून ग्रामपंचायतीने ना हरकत दाखला देऊ नये. ठरावाची नक्कल तहसीलदार कार्यालयात, वन विभागात आणि राज्य जैवविविधता मंडळाकडे पाठवा. प्रत्येक ठिकाणाहून शिक्क्याची पोच घ्या, तिचा फोटो वाडीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाका, आणि शेजारच्या गावातल्या सोयऱ्यांनाही तोच मसुदा पाठवा, कारण सडा हद्दीवर थांबत नाही आणि त्यांचा झरा तुमच्या कातळातून येत असू शकतो.